क्यू मोठा करताना नोंदी हरवतात कुठे?

प्रश्न : पायथनच्या लिस्टवर स्टॅक (शेवटी घातलेली नोंद आधी निघते) आणि क्यू (रांगेसारखा, आधी आलेली नोंद आधी निघते) लिहिले. स्टॅक झटपट चालतो, पण लाखभर नोंदींचा क्यू रिकामा करताना प्रोग्रॅम रेंगाळतो. म्हणून वर्तुळाकार क्यू (शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिल्या घराकडे वळणारा) लिहिला, तर त्याचा सलग घरांचा अ‍ॅरे वाढवला की मधल्या नोंदी गायब! चूक कुठे होते आहे?

उत्तर : स्टॅकमध्ये घालणे-काढणे दोन्ही शेवटच्या टोकाला होते, त्यामुळे बाकीच्या नोंदी जागच्या हलत नाहीत. क्यूमध्ये तुम्ही पॉप(0), म्हणजे लिस्टची पहिली नोंद काढणारी आज्ञा, वापरत असणार. पहिली नोंद गेली की मागची प्रत्येक नोंद एक घर पुढे सरकते. 1 लाख नोंदी काढेपर्यंत ही सरकासरकी सुमारे 500 कोटींवर जाते.

वर्तुळाकार क्यूची कल्पना योग्यच आहे. गडबड अ‍ॅरे वाढवताना होते. समजा क्षमता 4 आहे, सुरुवात घर 2 वर आहे आणि 0 ते 3 या घरांत ग, घ, क, ख आहेत. रांगेचा खरा क्रम क, ख, ग, घ. आता हीच घरे जशीच्या तशी 8 घरांच्या अ‍ॅरेत उतरवली, तर ख नंतर घर 4 येते आणि ते रिकामे! ग आणि घ अ‍ॅरेत आहेत, पण रांगेतून तुटले. म्हणून घरांच्या नव्हे, रांगेच्या क्रमाने उतरवा : नव्या अ‍ॅरेचे घर i = जुन्या अ‍ॅरेचे घर (सुरुवात + i) % जुनी क्षमता (% म्हणजे भागाकाराची बाकी). मग सुरुवात 0 करा. शेवटाचा वेगळा निर्देशांक (घराचा क्रमांक) ठेवू नका, नोंदींची संख्या ठेवा. नाहीतर भरलेला आणि रिकामा क्यू सारखेच दिसतात.

वाढवताना क्षमता दुप्पट करा. 1 पासून दुप्पट करत गेल्यास 1 लाख नोंदींसाठी एकूण 1,31,071 नकला (नोंद जुन्या घरातून नव्यात उतरवणे) होतात. दर वेळी 10 घरे वाढवलीत तर जवळपास 50 कोटी. अ‍ॅरे आक्रसायचा असेल तर पाव भागच भरलेला उरल्यावर निम्मा करा. अर्ध्यावरच निम्मा केलात, तर त्या सीमेवर एक नोंद घातली-काढली की दर वेळी सगळा अ‍ॅरे नकलावा लागेल.

शिकण्यासाठी हे सगळे स्वतः लिहाच. रोजच्या कामाला मात्र पायथनमध्ये कलेक्शन्समधला डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) आणि जावामध्ये अ‍ॅरेडेक तयार आहेत. जावात स्वतःचा क्यू लिहिलात, तर नोंद काढल्यावर त्या घरात नल (म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवायला विसरू नका. नाहीतर काढलेली वस्तू मेमरी अडवून बसते.