दुबईचा फ्लॅट विकायचाय, पण भाडेकरू उठत नाही

प्रश्न: आम्ही पती-पत्नीने २०१८ मध्ये दुबईत जुमेराह व्हिलेज सर्कलमध्ये एक बेडरूमचा फ्लॅट घेतला, सुट्टीत जाऊन राहण्यासाठी. पैसे दोघांच्या खात्यातून एलआरएसखाली (रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवले होते. जाणं कमी झालं म्हणून २०२२ पासून वर्षाच्या कराराने भाड्याने दिला. चालू करार ३० नोव्हेंबरला संपतो. विकायचा विचार एप्रिलमध्ये ठरला, तेव्हाच भाडेकरूला व्हॉट्सअपवर आणि ईमेलवर कळवलं. त्याने ‘ओके सर’ असं उत्तरही दिलं. ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक मिळालं, फॉर्म एफवर (तिथल्या विक्रीच्या करारावर) सह्या झाल्या, १५ डिसेंबरला रिकामा ताबा देण्याचं ठरलं. आता ऑक्टोबरात भाडेकरू म्हणतो, मी जाणार नाही. भाडं ३० टक्के वाढवून त्याला जायला भाग पाडता येईल का? भाडं तिथल्या खात्यात जमा होतं आणि तिथे कर नाही, म्हणून इथल्या विवरणपत्रात काही दाखवलेलं नाही. ते ठीक आहे ना? – एक वाचक, पुणे

उत्तर: ‘करार संपला तरी भाडेकरू जात नाही’ अशी दुबईहून येणारी पत्रं वाढली आहेत, आणि बहुतेकांत चूक एकच असते. आपल्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की करार संपला म्हणजे माणूस गेला असंच आपण धरून चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ तसं म्हणतंही. मुदत संपली की लायसन्सदाराने जागा सोडायची, न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं आणि दुप्पट दराने भरपाई मागायची. दुबईत याच्या बरोबर उलट आहे. तिथे मुदत संपल्याने भाडेकरूचं काहीच बिघडत नाही.

तुमचं सगळं प्रकरण एका कलमावर उभं आहे. दुबईचा २००७ चा कायदा क्रमांक २६, त्यात २००८ च्या कायदा क्रमांक ३३ ने झालेली दुरुस्ती, आणि तिचं कलम २५, पोटकलम २. कराराच्या अखेरीस जागा परत मागण्याची कारणं तिथे मोजून चार दिली आहेत. इमारत पाडून पुन्हा बांधणे, रिकामी केल्याशिवाय करता येणार नाही अशी मोठी दुरुस्ती, मालकाचा किंवा त्याच्या अगदी जवळच्या नातलगांचा स्वतःचा वापर, आणि विक्री. चारही कारणांना अट एकच: कारण नमूद केलेली नोटीस, बारा महिने आधी, नोटरी पब्लिकमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने. व्हॉट्सअप त्यात नाही, ईमेलही नाही. ‘ओके सर’ तर नाहीच. एप्रिलपासूनचे सहा महिने तुम्ही मनात मोजलेत, कायद्याच्या हिशेबात तुमचा पहिला दिवसही अजून उजाडलेला नाही.

एप्रिलमध्ये दुबईच्या नोटरीकडे गेला असता, तर निदान पुढच्या एप्रिलकडे बोट दाखवता आलं असतं. त्यासाठी काही शे दिरहॅम आणि एक सकाळ लागली असती. ते केलं नाहीत, आणि वर ऑगस्टमध्ये रिकाम्या ताब्याची तारीख लिहून दिलीत, तीही भाडेकरूकडून कागदावर एक ओळ न घेता. एजंटला दोन टक्के दलाली मिळायची असते, त्याला हे आठवण्याची घाई नसते. पण सही तुमची आहे.

आता दिवसांचा हिशेब नीट बघा, कारण इथे आठवड्याच्या आळसाने वर्ष जाऊ शकतं. पोटकलम २ ‘करार संपल्यावर’ जागा मागण्याबद्दल बोलतं. म्हणजे बारा महिने भरणं आणि करार संपलेला असणं, या दोन्ही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात, हे वाचन धरून चालणं सुरक्षित. याच महिन्यात नोटीस बजावली गेली तर बारा महिने पुढच्या ऑक्टोबरात भरतील. दरम्यान करार वर्षभर पुढे गेलेला असेल आणि पुढच्या ३० नोव्हेंबरला संपेल. दोन्ही जुळलं, ताबा मागता येईल. हीच नोटीस यंदाच्या ३० नोव्हेंबरनंतर, समजा १० डिसेंबरला बजावली गेली, तर बारा महिने भरतील तेव्हा पुढचा करार दहा दिवसांपूर्वीच सुरू झालेला असेल, आणि कडक वाचन करणारा न्यायाधीश तुम्हाला त्याच्याही पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबायला सांगू शकेल. नोटीस कराराच्या मधल्या काळात दिली तर चालते की नाही यावर तिथल्या निकालांत पूर्वी एकवाक्यता नव्हती. म्हणून तारीख कुठल्याही वाचनात बसेल अशी ठेवा.

नोटिशीत चुका कुठे होतात ते सांगतो. टायटल डीडवर, म्हणजे मालकीपत्रावर, तुम्हा दोघांची नावं आहेत, म्हणून नोटीस दोघांच्या नावे हवी. एकट्या नवऱ्याने दिलेली नोटीस भाडेकरूच्या वकिलाला आयतं कोलीत आहे. भाडेकरूचं नाव आणि फ्लॅट क्रमांक एजारीतल्या (दुबईतल्या भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीतल्या) नोंदीप्रमाणे अक्षर न् अक्षर तसाच हवा. कारण ‘विक्री’ हेच लिहा. ‘स्वतःच्या वापरासाठी’ लिहिलं तर लवकर जाईल असा सल्ला तिथले हौशी देतात, तो ऐकू नका. त्या कारणाने जागा घेतली तर कलम २६ खाली दोन वर्षं ती दुसऱ्या कोणाला भाड्याने देता येत नाही, आणि दिली तर जुना भाडेकरू भरपाई मागू शकतो. शिवाय तुमच्या मालकीची दुसरी योग्य जागा नाही हे दाखवावं लागतं ते वेगळंच. मजकूर अरबीत किंवा द्विभाषिक असतो. पोच म्हणजे नोटीस मिळाल्याचा पुरावा जपून ठेवा, कारण बारा महिने तुम्ही सही केल्यापासून धरू नयेत, बजावणीपासूनच मोजावेत.

पुण्यात बसून हे करायचं तर कुलमुखत्यारपत्र लागेल. संयुक्त अरब अमिरातीसाठी अपोस्टिल (अनेक देशांत चालणारा प्रमाणीकरणाचा एकच शिक्का) चालत नाही, हे लोक हमखास विसरतात. इथे नोटरी, मग राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, मग दुबईत त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि अधिकृत अरबी भाषांतर, अशी ही वारी आहे. तुमच्याकडे ३० नोव्हेंबरपर्यंतचेच दिवस आहेत, म्हणून माझ्या मते दोघांनी विमानाचं तिकीट काढून नोटीस आणि मुखत्यारपत्र दोन्ही तिथल्याच नोटरीसमोर करून यावं. मुखत्यारपत्रात विक्री, एनओसी, फॉर्म एफ, मॅनेजर्स चेक (बँकेने स्वतःवर काढलेला चेक) स्वीकारणे हे अधिकार जसे नावानिशी घालाल, तसे नोटीस देण्याचे आणि भाडे तंटा केंद्रात उभं राहण्याचे अधिकारही घाला. मोघम ‘सर्व अधिकार’ लिहिलेला कागद दुबईच्या लँड डिपार्टमेंटच्या, म्हणजे मालमत्ता नोंदणी खात्याच्या, खिडकीवरून परत येतो.

भाडं ३० टक्के वाढवण्याचं म्हणाल, तर ते दोन ठिकाणी अडतं. करारातली कुठलीही अट नूतनीकरणाच्या वेळी बदलायची तर, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, ९० दिवस आधी कळवावं लागतं. ३० नोव्हेंबरसाठी ती तारीख १ सप्टेंबरच्या आसपास होती, तीही गेली. आणि वेळेत कळवलं असतं तरी २०१३ च्या फर्मान क्रमांक ४३ प्रमाणे वाढीची कमाल मर्यादा २० टक्के आहे, तीसुद्धा तुमचं भाडं तशाच जागांच्या सरासरीपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त कमी असेल तर. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर वाढ शून्य. लँड डिपार्टमेंटच्या भाडे निर्देशांकात तुमची इमारत टाकून बघा, म्हणजे पुढच्या वर्षी किती मागता येईल ते कळेल, आणि ते पुढच्या ऑगस्टमध्येच लेखी कळवा.

वीज-पाणी बंद करणं, लिफ्टचं कार्ड रद्द करणं असले उपाय करू नका. २००७ च्या कायद्याचं कलम ३४ त्याला थेट मनाई करतं आणि तुमची बाजू बळकट असेल तिथेही ती कमकुवत होते.

मग १५ डिसेंबरचं काय? मला तीन वाटा दिसतात. पहिली, गिऱ्हाईकाला आजच खरं सांगून फॉर्म एफला पुरवणी जोडणं आणि फ्लॅट भाडेकरूसकट विकणं. विक्रीने भाडेकरूच्या हक्काला बाधा येत नाही, नवा मालक जुन्या कराराने बांधला जातो. तुम्ही आता दिलेल्या नोटिशीचा फायदा नव्या मालकाला मिळतो की त्याला नव्याने बारा महिने मोजावे लागतात, यावर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. गिऱ्हाईकाचा वकील वाईटच धरून चालेल आणि किंमत उतरवायला सांगेल. गुंतवणूकदार असेल तर तो मानतो, स्वतः राहायला येणारा मानत नाही. दुसरी वाट, भाडेकरूशी सौदा. त्याला काही महिन्यांचं भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च देऊन उठवणं. हे कमीपणाचं वाटतं, पण फॉर्म एफ मोडण्याच्या भरपाईशी तुलना करून बघा. सौदा झाला तर करार संपुष्टात आल्याचा लेखी दस्त, एजारी रद्द करणं आणि किल्ल्या हे तिन्ही हातात आल्यावरच पैसे द्या. तिसरी वाट, व्यवहार सोडून वर्षभर थांबणं. तेव्हा फॉर्म एफमधलं कसुरीचं कलम आधी वाचा. गिऱ्हाईकाचा दहा टक्क्यांचा इसार चेक सहसा एजंटकडे ठेवलेला असतो. विकणाऱ्याने कसूर केली तर तेवढीच रक्कम त्याने द्यायची असं लिहिलेलं असू शकतं. तुमच्या फॉर्ममध्ये नेमके कोणते शब्द आहेत ते न बघता आकडा सांगणं बरं नाही. पण बोलणी नोव्हेंबरमध्ये करण्यापेक्षा या आठवड्यात केलीत तर स्वस्तात सुटाल एवढं खरं.

बारा महिन्यांनंतरही भाडेकरू बसून राहिला तर भाडे तंटा केंद्रात दावा. शुल्क वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के. आपल्या लघुवाद न्यायालयात पायऱ्या झिजवलेल्यांना तिथला वेग स्वप्नवत वाटेल, पण नोटीस सदोष असेल तर दावा त्याच वेगाने फेटाळलाही जातो. मधल्या काळात नूतनीकरण करताना किंवा नवे चेक घेताना ‘अमुक तारखेच्या नोटिशीला बाधा न येता’ असं लिहून घ्या. नाहीतर तुम्ही नोटीस सोडून दिली असा युक्तिवाद होतो. जागा रिकामी झाल्यावर लगेच विकली गेली नाही, तर पुन्हा वार्षिक करार करू नका. पर्यटन खात्याचा हॉलिडे होमचा परवाना काढून दिवस-आठवड्यांच्या हिशेबाने द्या. प्रत्येक खोलीमागे रात्रीला १० किंवा १५ दिरहॅम पर्यटन शुल्क भरावं लागतं, पण पाहुणा भाडेकरू होऊन बसत नाही. सुट्टीचा फ्लॅट सुट्टीचाच ठेवला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

राहिला इथला कर. नाही, ते ठीक नाही. तुम्ही भारताचे रहिवासी आहात, तुमचं जगभरचं उत्पन्न इथे करपात्र आहे. तिथे कर नाही म्हणजे इथे वजावट मागायला तिथे भरलेला करच नाही, एवढाच त्याचा अर्थ. भारत-अमिरातींच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातल्या ‘कर लावता येईल’ या शब्दांतून भारतात सूट काढण्याचे दिवस २००८ च्या अधिसूचनेनंतर गेले. भाडं घरमिळकतीच्या उत्पन्नात धरून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. सर्व्हिस चार्ज वेगळे वजा होतात का, हे सीएला विचारा, त्यावर वाद आहे. पण खरी भीती कराची नाही, विवरणपत्रातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट कोरं ठेवल्याची आहे. काळा पैसा कायद्याखाली त्याला वर्षाला १० लाखांचा दंड होऊ शकतो. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला जी सूट आली, तिच्यातून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. फ्लॅटची माहिती आपोआप इथे येत नसेल, पण भाडं जमा होणाऱ्या बँक खात्याची येते. जिथे विवरणपत्र सुधारता येईल तिथे सुधारा, मागच्या वर्षांसाठी अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग बघा, आणि हे विक्रीच्या आधी करा. त्याने दंड नक्की टळेल असं नाही, पण नोटीस आल्यावर केलेल्या दुरुस्तीला कोणी भाव देत नाही.

विक्रीवरचा नफा २४ महिन्यांवरचा असल्याने दीर्घकालीन, दर साडेबारा टक्के. २०१८ नंतर रुपया घसरल्याने दिरहॅममध्ये छोटा दिसणारा नफा रुपयांत मोठा निघू शकतो. भारतात दोन वर्षांत घर विकत घेतलं तर सूट मिळते, दुबईत दुसरा फ्लॅट घेऊन मिळत नाही. आणि पैसे तिथेच पडू देऊ नका. एलआरएसने नेलेल्या पैशांतून आलेली रक्कम, नियमांत बसेल अशी परत गुंतवली नाही तर १८० दिवसांत भारतात आणावी लागते. साठलेल्या भाड्यालाही हेच लागू धरा. तिथलं बँक खातं मात्र विक्री होऊन पैसे इकडे येईपर्यंत बंद करू नका. मॅनेजर्स चेक तुमच्या दोघांच्या नावाने निघेल आणि तो भरायला खातं लागेल. हस्तांतराच्या दिवशी भाडेकरूची अनामत आणि पुढच्या तारखांचे त्याचे चेक यांचा हिशेब गिऱ्हाईकाशी लेखी मिटवा. अनामत तुमच्याकडेच राहिली, तर एक वर्षाने तीच मागणारं पत्र तुम्हाला येईल.