'डेडवुड' सिरीजमधली पात्रं खरी होती का?

हो, अमेरिकेतल्या डेडवुड गावावरच्या या वेस्टर्न सिरीजमधली बरीचशी खरीच. टिमोथी ऑलिफंटने केलेला सेथ बुलक 1877 मध्ये तिथला शेरीफ झाला, इयन मॅकशेनचा अल स्वेरेंजनपण खरा, त्याचं जेम थिएटर (दारूचा गुत्ता आणि वेश्यागृह) तेही खरं, फक्त माणूस मूळचा आयोवाचा आणि सिरीजमध्ये त्याला इंग्लंडमध्ये जन्मलेला करून टाकलाय. कीथ कॅराडीनचा वाइल्ड बिल हिकॉक हा बंदूकबाज म्हणजे तर जिवंतपणीच दंतकथा झालेला खरा माणूस, 2 ऑगस्ट 1876 ला पत्ते खेळत बसलेला असताना जॅक मॅकॉलने मागून डोक्यात गोळी घातली. पण बुलक गावात पोचला तो जेमतेम आदल्या दिवशी, त्यामुळे सिरीजमधली हिकॉक आणि बुलकची दोस्ती रचलेलीच समजा. सिरीजमधली अल्मा गॅरेट ही बाई मात्र पूर्ण काल्पनिक. हिकॉकची सोबती दाखवलेली कॅलॅमिटी जेन खरी, 1903 मध्ये गेली आणि तिला हिकॉकच्या शेजारीच पुरलंय.