भोकाची वाटी आणि ‘किती वाजले?’

प्रश्न असा आहे: नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याची आवराआवर करताना तळहातावर मावेल अशी तांब्याची पातळ वाटी निघाली. बूड गोल, मधोमध बारीक भोक, कान-कड्या काही नाहीत. इतवारीतला भांडेवाला म्हणतो घंगाळ, शेजारच्या काकू म्हणतात गळती. खरं काय, आणि पूजेत चालेल का?

घंगाळ? अहो, घंगाळात आंघोळीचं पाणी काढतात! आपल्याकडे गडवा कोणता नि गुंड कोणता हे शेंबड्या पोरालाही कळायचं. आता तांब्याचं काही दिसलं की घंगाळ. काकू निदान भोकापर्यंत पोचल्या. पण गळती पिंडीवर टांगतात किंवा तिवईवर ठेवतात आणि पाणी आतून बाहेर ठिबकतं. तुमच्या वाटीत पाणी बाहेरून आत येतं. ते घटिकापात्र आहे.

मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर ते तरंगत सोडायचं. भोकातून पाणी चढत जातं, काठोकाठ भरलं की वाटी बुडते: झाली एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. अहोरात्रात 60 घटका. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात हेच यंत्र ‘कपालक’ नावाने आहे आणि पाणी ‘अमल’, म्हणजे निर्मळ, हवं असं बजावलंय, कारण गाळाचा एक कण भोकात अडकला की ज्योतिषाचा मुहूर्त गेला.

घट, त्याची धाकटी घटिका, तिची घटका आणि घडी. आधी भांडं, मग काळ. म्हणून तर माणसाची ‘घटका भरते’. काही जण घटकेला ‘घडणे’शी जोडतात. घडलेलं भरतं कसं, हे त्यांनी एकदा सांगावं. आणि मंगल कार्यालयांतले ते माइकवाले! ‘शुभघटिकेला उरली अवघी दोन मिनिटं’ इथवर ठीक. पण पुढे ‘ही घटिका क्षणात निघून जाईल’ म्हणतात. चोवीस मिनिटं आहेत बाबा, नवरदेवाला निवांत पाणी पिऊ दे.

खरी गंमत पुढे आहे. वाटी बुडाली की पहारेकरी टांगलेल्या जाड पितळी थाळीवर टोला द्यायचा. ही थाळी म्हणजे हिंदीतलं घड़ियाल. बाबराने आपल्या आत्मचरित्रात ती वाजवणाऱ्या घड़ियालींचं, त्यांच्या भोकाच्या भांड्याचं आणि टोल्यांचं सविस्तर वर्णन केलंय. आपण मनगटावर बघतो आणि विचारतो मात्र ‘किती वाजले?’. माझ्या मते हा प्रश्न त्या थाळीचा आहे. टॉवरच्या घंटांवरून तो आला म्हणणाऱ्यांनी सांगावं, टॉवर उभे राहण्याआधी शेकडो वर्षं गावोगाव जे वाजत होतं, त्याला लोक काय बहिरे होते?

खात्री करायची तर बादलीत गाळलेलं पाणी घ्या, वाटी सोडा, मोबाइलवर वेळ लावा. चोवीसच्या आसपास बुडाली तर वाद संपला. जास्त वेळ लागला तर भोकात क्षार बसलेत; चिंचेच्या पाण्यात भिजत ठेवा. सुई मात्र अजिबात घालू नका, भोक रुंदावलं की घटका कायमची आखूड होते.

हो, पूजेचं राहिलंच. अभिषेकाला नको, टांगायला कानच नाहीत. घरात लग्न असेल तर जोशीबुवांसमोर ठेवा.