जहाज धडक देऊन निघून गेलं. भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न: मी हर्णैचा. सात महिन्यांपूर्वी रात्री किनाऱ्यापासून 18 सागरी मैलांवर आमची बोट जाळं सोडून होती. परदेशी ध्वजाच्या मालवाहू जहाजानं धडक दिली, जाळं फाडून नेलं, एका खलाशाचा हात मोडला. जहाज थांबलं नाही, पण तांडेलानं नाव वाचलं. जहाजाचा एजंट म्हणतो, 12 मैलांबाहेर भारताचा कायदा चालत नाही, शिवाय तुम्हीच वाटेत होतात. दीड लाख घ्या आणि सही करा. काय करू?

उत्तर: सही करू नका.

एजंट अर्धंच खरं सांगतोय. इतक्या बाहेर झालेल्या टकरीबद्दल कप्तानावर फौजदारी खटला चालवायचा, तर आंतरराष्ट्रीय कायदा तो अधिकार जहाजाच्या ध्वजाच्या देशाला किंवा कप्तानाच्या स्वतःच्या देशाला देतो. भरपाईचं तसं नाही. 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली (सागरी दाव्यांचा कायदा) दावा थेट जहाजावर लावता येतो. टक्कर कुठे झाली यापेक्षा जहाज आज कुठे उभं आहे, याला महत्त्व. ते जेएनपीएला (न्हावा-शेवा बंदर) किंवा जयगडला लागलं, की मुंबई उच्च न्यायालयाकडून तिथेच अडकवण्याचा आदेश मागता येतो. कांडल्याला लागलं तर गुजरात उच्च न्यायालयात जावं लागेल. अडकलेलं जहाज मालकाला रोज महागात पडतं. मग विमावाले हमी घेऊन स्वतःहून येतात, आणि तेव्हा दीड लाखाची भाषा बदलते.

मात्र घाई करा. अशा नुकसानीचा जहाजावरचा बोजा, म्हणजे मालक बदलला तरी जहाजाला चिकटून राहणारा हक्क, सर्वसाधारणपणे एका वर्षात संपतो. त्या आत जहाज अडकवलं नाही आणि मधेच ते विकलं गेलं, तर नव्या मालकामागे लागणं अवघड होईल.

'वाटेत होतात' यात फारसा दम नाही. जाळं टाकून मासेमारी करणाऱ्या बोटीला इंजिनावर चालणाऱ्या जहाजानं चुकवायचं असतं. अरुंद जलमार्गात मात्र बोटीनं अडथळा करायचा नसतो. तुमच्यावर खरा प्रश्न येईल तो दिव्यांचा: वर लाल, खाली पांढरा असे दोन्ही दिवे लागले होते का? जाळं 150 मीटरपेक्षा लांब गेलं असेल, तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा? वकिलाला खरं सांगा. दिवे नव्हते म्हणून दावा बुडत नाही, दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते.

जहाजावरच्या ध्वनिमुद्रणावर विसंबू नका. वेळीच जपून ठेवलं नसेल तर ते पुसलं जातं. नव्या यंत्रांतही साधारण 30 दिवसच टिकतं. तरी नोटिशीत मागाच. त्याहून कामाची एआयएसची, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेची नोंद: त्या रात्री, त्या वेळी, त्या जागी कोणतं जहाज होतं ते तिच्यातून दिसतं. आधी ती मिळवा, कारण नावातलं एखादं अक्षर चुकून भलतंच जहाज अडकवलंत, तर उलट भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते. बोटीची नोंदणी, मासेमारी परवाना, पंचनामा, जाळ्याची बिलं, मासळी लिलावाच्या पावत्या एकत्र करा. जाळ्याचे उरलेले तुकडे टाकू नका.

हाताची भरपाई खलाशाची आहे, ती तुमच्या सहीनं मिटत नाही. त्यालाही दाव्यात वादी करा. वकिलाचा खर्च त्याला झेपत नसेल, तर रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.