ओहायोतल्या मेरीचं माहेर कसं शोधायचं

तुम्ही दिलेली माहिती एवढीच: सूनबाईंची खापरपणजी मेरी, जन्म 1846च्या सुमारास, 1870च्या जनगणनेत ओहायोत नवरा आणि मुलांसोबत दिसते, माहेरचं आडनाव ठाऊक नाही. नुसतं 'मेरी' टाकून सर्च करत बसू नका. त्या काळातल्या बाईचं माहेर बहुधा नवऱ्याच्या, मुलांच्या नाहीतर बापाच्या कागदांत सापडतं. त्यातही जिथे पैसा मिळायचा होता, तिथले कागद सगळ्यांत बोलके.

आधी 1880 आणि 1900ची पानं काढा. 1870च्या तक्त्यात नात्याचा रकानाच नाही, त्यामुळे मेरी बायको आहे हा सध्या अंदाजच. 1880मध्ये नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान मिळतं. 1900मध्ये जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला झालेली वर्षं, किती मुलं झाली आणि किती हयात, हेही. लग्नाला 28 वर्षं आणि थोरला मुलगा 33 वर्षांचा, असं दिसलं तर तो बहुधा सवतीचा. मग त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरून मेरीचं माहेर ठरवू नका. 1890ची जनगणना 1921च्या आगीमुळे जवळपास सगळी गेली, पण त्या वर्षी माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी केली होती. ओहायोची शिल्लक आहे, जरूर पाहा.

20 डिसेंबर 1908 पासून ओहायोत राज्यपातळीवर मृत्यूचे दाखले सुरू झाले. 1953 पर्यंतचे फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट दिसतात. त्यात आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना असतो. दाखले मेरीच्या सगळ्या मुलामुलींचे काढा, कारण माहिती देणारा अनेकदा जावई असतो आणि सासूच्या आईचं आडनाव त्याला काय माहीत! दोन-तीन दाखले जुळले तरच धरा.

नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला असेल तर पेन्शनची फाइल म्हणजे घबाड. 1898मध्ये पेन्शन ब्युरोने सैनिकांकडून एक छापील प्रश्नावली भरून घेतली: बायकोचं पूर्ण नाव आणि माहेरचं नाव काय, लग्न कधी, कुठे, कोणी लावलं, आधी लग्न झालं होतं का, हयात मुलं कोण आणि त्यांच्या जन्मतारखा. विधवेने अर्ज केला असेल तर लग्नाचा पुरावाही जोडलेला असतो, प्रसंगी साक्षीदारांच्या शपथपत्रांसकट. पेन्शनच्या इंडेक्स कार्डावरून अर्ज क्रमांक घ्या आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजकडे पूर्ण फाइल मागा, निवडक पानं नकोत.

लग्नाची नोंद काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) प्रोबेट कोर्टात, जिथे मृत्युपत्रं आणि वारसाची कामंही चालतात. ती मिळाली म्हणून लगेच खूश होऊ नका. वधू विधवा असेल तर तिथलं आडनाव पहिल्या नवऱ्याचं असू शकतं, आणि नावापुढे 'मिसेस' लिहायचं कारकून कधी कधी विसरायचा. शिवाय मेरीची पॉली किंवा मॉली झालेली असते, तेही शोधा.

आडनाव हाती आलं की त्याच आणि शेजारच्या काउंट्यांत, 1850 आणि 1860च्या जनगणनेत, त्या आडनावाच्या घरात त्या वयाची मेरी आहे का बघा. अशा दोन-तीन निघतातच. तेव्हा बापाची प्रोबेट फाइल उघडायची: मृत्युपत्र नसेल तर वारसांच्या यादीत लग्न झालेल्या मुली सासरच्या आडनावाने, बऱ्याचदा राहत्या गावासकट येतात. इतरांनी ऑनलाइन टाकलेल्या वंशावळी मात्र एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. पाच ठिकाणी एकच नाव दिसलं तरी तो एकच पुरावा समजा.