प्रोजेक्टवरची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, संशोधन करताना मिळणारं मानधन) घ्यावी की नेट परीक्षेसाठी थांबावं? दोन्हीकडे महिना ३७ हजारच मिळतात, मग फरक काय?

तुम्ही लिहिलंय की केमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, एक सर प्रोजेक्टमध्ये घेतो म्हणतायत आणि घरचे म्हणतायत नेटसाठी थांब. प्रोजेक्टवर जेआरएफचे ३७ हजार नेट किंवा गेट झालेल्यालाच मिळतात, नाहीतर कमी, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका हो, पैसा कुणाच्या नावावर आहे ते बघा, सगळी गोम तिथेच आहे.

नेटची जेआरएफ (तुमच्या विषयाला सीएसआयआर-यूजीसीची) तुमच्या स्वतःच्या नावावर असते. पहिली दोन वर्षं ३७,०००, मग कमिटीपुढे काम दाखवून एसआरएफ (सीनियर फेलो) झालात की ४२,०००, हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे, वर एचआरए (घरभाडं) आणि कंटिन्जन्सी (किरकोळ खर्चाचे पैसे) वेगळी, एकूण पाच वर्षं. गाइडशी (पीएचडीच्या मार्गदर्शकाशी) नाही पटलं तरी फेलोशिप तुमची, परवानगी काढून दुसऱ्या गाइडकडे जाता येतं. ताप आहे तो कागदांचा, कारण इथून बिलं, हजेरी वेळेत गेली नाही की तिकडून पैसे अडकलेच म्हणून समजा.

प्रोजेक्टची जेआरएफ म्हणजे गाइडला डीएसटी (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) किंवा एएनआरएफ (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, पूर्वीचं सर्ब) यांच्याकडून जी ग्रांट मिळते तिच्या मॅनपॉवर हेडमधून, म्हणजे माणसांच्या पगारासाठी ठेवलेल्या पैशातून, तुम्हाला पगार. प्रोजेक्ट साधारण तीन वर्षांचा आणि पीएचडीला पाच लागतात, आता उरलेली दोन वर्षं काय खायचं ते कुणी सांगत नाही. त्यात वर्षाअखेरीला यूसी म्हणजे खर्चाचा हिशोब वर गेला नाही की पुढचा हप्ता येत नाही, मी प्रोजेक्टवर होतो तेव्हा अकाउंट्समध्ये फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत आमचा पगार लटकलेला असायचा आणि मेसवाल्याची उधारी वाढत जायची.

सारथी (मराठा-कुणबी), बार्टी (एससी), महाज्योती (ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी) या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत पण त्याला आधी पीएचडीची नोंदणी पक्की लागते, जागा किती आणि जाहिरात कधी हे सरकारच्या मनावर, त्यावरून पोरं किती वेळा आंदोलनाला बसलीत. मिळाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर पुण्यात रूम घेऊ नका. आणि एका वेळी एकच फेलोशिप, दोन्हीकडून घेतली तर रिकव्हरी लागते, म्हणजे पैसे परत भरावे लागतात.

पीएमआरएफची (पंतप्रधान रिसर्च फेलोशिपची) रक्कम मोठी, ७०,००० पासून सुरू, पण ती आयआयटी, आयआयएस्सी, आयसर असल्या संस्थांसाठी, तुमच्या युनिव्हर्सिटीत तिचा विषयच नाही. एमएस्सीला युनिव्हर्सिटीत पहिले आला असाल तर डीएसटीची इन्स्पायर फेलोशिप मात्र नक्की बघा.

मला विचाराल तर प्रोजेक्ट घ्या आणि नेटचा फॉर्म भरत राहा, नेटमध्ये जेआरएफ निघाली की प्रोजेक्ट सोडून आपल्या फेलोशिपवर जाता येतं. फक्त जॉइन व्हायच्या आधी सरांना सँक्शन लेटर (ग्रांट मंजूर झाल्याचं पत्र) दाखवायला सांगा आणि मॅनपॉवरचे किती महिने उरलेत, पीएचडीची नोंदणी लगेच करून देणार का, हे तोंडावर विचारा. बरेच जण हे विचारायला लाजतात आणि आठ महिने उरलेल्या प्रोजेक्टला जाऊन चिकटतात.