गोल करणारे पदवी घेऊन गेल्यावर

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. तिन्ही पत्रांचा विषय एकच आहे: गोल करणारा खेळाडू शिक्षण संपवून निघून गेला की मागे राहिलेल्या संघाने काय करायचे?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी इथल्या एका विद्यापीठाच्या महिला संघात आघाडीला खेळते आणि तिचे दुसरे वर्ष संपत आले आहे. गेल्या मोसमातील निम्म्याहून अधिक गोल शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींनी केले होते. त्या दोघीही आता संघात नसतील. "आता गोल तूच करायचेस" असे तिला जो तो सांगतो आणि तिने त्याचे फार दडपण घेतले आहे. अशा वेळी संघ नेमके काय करतात? आमच्या मुलीकडून खरोखर काय अपेक्षित असते?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर: आपल्या मुलीला जे सांगितले जात आहे ते सद्भावनेने सांगितले जात असेल, पण ते बरोबर नाही, हे तिला आधी स्पष्टपणे सांगा. दोघींनी मिळून केलेले गोल तिसरीने एकटीने करावेत, असा हिशेब कोणताही जाणता प्रशिक्षक मांडत नाही. विद्यापीठीय खेळात खेळाडूला परंपरेने चार मोसम मिळत आले आहेत. त्यामुळे एखादी मुलगी संघात दाखल होते त्याच दिवशी ती साधारण केव्हा जाणार हे प्रशिक्षकाला ठाऊक असते. तिच्या जाण्याची तयारी तिच्या शेवटच्या सामन्यानंतर सुरू करणारा संघ अडचणीत येतो. ती खेळत असतानाच तयारी करणारा संघ बहुधा सावरतो.

याचे मला सर्वांत अभ्यासनीय वाटणारे उदाहरण स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या महिला संघाचे आहे. 2009 मध्ये केली ओहारा हिने त्या संघासाठी 26 गोल केले आणि देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळणारी हर्मन ट्रॉफी जिंकली. संघ अंतिम फेरीत पोहोचला. तिथे ओहाराला दुसरे पिवळे कार्ड मिळून मैदान सोडावे लागले आणि नॉर्थ कॅरोलायनाने तो सामना 1-0 असा जिंकला. ओहारा गेली. पुढच्या वर्षी क्रिस्टन प्रेसने 26 गोल केले, हर्मन ट्रॉफी तिला मिळाली आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यात 1-0 असाच हरला, या वेळी नोटर डेमकडून. मग प्रेसही गेली. ती 71 गोल नावावर ठेवून गेली होती. लागोपाठच्या दोन वर्षांत देशातील सर्वोत्तम ठरलेल्या दोन आघाडीपटू गमावल्यावर स्टॅनफर्डने दोन पावले मागे जावे, हेच स्वाभाविक होते. प्रत्यक्षात 2011 मध्ये हा संघ एकही सामना हरला नाही आणि ड्यूकला 1-0 असे नमवून त्याने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

त्या अंतिम सामन्यातील गोल कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. उत्तरार्धात कॅमिल लेविनने बाजूने चेंडू गोलसमोर टाकला आणि तेरेसा नोयोलाने तो डोक्याने जाळ्यात मारला. नोयोला मधल्या फळीत खेळत असे. त्या वर्षीची हर्मन ट्रॉफी तिलाच मिळाली. म्हणजे सलग तिसऱ्या वर्षी तो मान स्टॅनफर्डकडे आला, पण या वेळी तो गोलांच्या राशी रचणाऱ्या आघाडीपटूकडे गेला नाही. आघाडीची जबाबदारी प्रेसच्या शेजारी आधीपासून खेळलेली लिंडसे टेलर आणि पहिल्या वर्षाची चिओमा उबोगागू अशा अनेकींमध्ये वाटली गेली होती. प्रशिक्षक पॉल रॅटक्लिफ यांनी दुसरी प्रेस शोधत बसण्यात वर्ष घालवले नाही, याचे मला फार मोल वाटते.

आता आपल्या मुलीच्या संघाकडे वळू. गेलेली खेळाडू नुसते गोल करत नव्हती, हे प्रशिक्षकाला सर्वप्रथम पाहावे लागते. तिच्या नावावरील गोलांची फोड केली की त्यातले काही पेनल्टीचे निघतात, काही फ्री किकचे, काही कॉर्नरवर दूरच्या खांबाजवळ उभे राहून मिळालेले आणि उरलेले खुल्या खेळातले. पेनल्टी घेण्याचे काम उद्यापासून दुसऱ्या कोणाला देता येते. कॉर्नरच्या रचना सरावाने बसवता येतात, कारण तिथे चेंडू थांबलेला असतो आणि कोणी कुठे धावायचे हे आधी ठरवता येते. खरी अडचण खुल्या खेळातील गोलांची असते. प्रतिस्पर्ध्यांच्या दोन बचावपटू तिच्या मागे लागत आणि त्यामुळे इतरांना मोकळी जागा मिळे. ती गेल्यावर ती जागाही जाते, आणि गोलफलकावर हे कुठेच दिसत नाही. म्हणूनच आपल्या मुलीला पहिल्या काही सामन्यांत "मागच्या वर्षी मला इतका वेळ मिळत होता, आता का मिळत नाही?" असे वाटले, तर त्यात तिचा काही दोष नसेल.

मोसमाचे वेळापत्रक इथे मदतीला येते. अधिकृत सामने ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबरमध्ये संपते; पण वसंत ऋतूत संघ मोजके मैत्रीपूर्ण सामने खेळतात आणि ज्यांची पात्रता, म्हणजे विद्यापीठाकडून खेळण्याची मुदत, संपली आहे त्या खेळाडू त्यांत नसतात. गेलेल्यांशिवायचा संघ प्रथम उतरतो तो याच सामन्यांत, आणि तिथे हरण्याजिंकण्याला गुण नसतात. कोणाच्या जोडीला कोण शोभते, डावीकडची मुलगी मध्यभागी चालेल का, बचावातील उंच मुलीला कॉर्नरला पुढे पाठवावे का, हे सर्व तेव्हाच तपासले जाते. आपल्या मुलीने हे सामने मनापासून खेळावेत आणि प्रशिक्षकांना थेट विचारावे की, "चेंडू आपल्याकडे नसताना मी कोणाला रोखायचे, आणि चेंडू उजवीकडून येतो तेव्हा मी कोणत्या खांबाकडे धावायचे?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की "गोल तूच करायचेस" या वाक्याचे ओझे बरेच उतरेल. घरी फोनवर बोलताना आपणही किती गोल झाले हे आधी विचारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. आमचा स्ट्रायकर तिसरे वर्ष संपवून गेला आणि संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. अमेरिकेतील प्रशिक्षक पर्यायी खेळाडू आधीच तयार ठेवतात असे ऐकतो. ते कसे करतात, आणि त्यातले आपल्याला काय घेता येईल?
– एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर: सर, त्यांना एक सवलत नियमातूनच मिळते. अमेरिकी विद्यापीठीय फुटबॉलमध्ये बदली खेळाडूंचे नियम सैल आहेत: पूर्वार्धात बाहेर गेलेला खेळाडू त्या अर्धात परत येऊ शकत नाही, पण उत्तरार्धात बाहेर गेलेल्याला एकदा परत येता येते. त्यामुळे पहिली पसंती असलेल्या आघाडीपटूला विश्रांती देऊन दुसऱ्या फळीतील मुलांना खऱ्या सामन्यात खेळवणे सहज जमते. नॉर्थ कॅरोलायनाच्या महिला संघाचे प्रशिक्षक अँसन डोरन्स यांनी या नियमाचा फार चतुराईने उपयोग केला. ते भराभर बदल करत आणि दमलेल्या प्रतिस्पर्ध्यांवर ताज्या दमाच्या खेळाडू सोडत. शिवाय सरावातील लहानसहान लढतींचीही नोंद होई: एकास एक झुंजीत कोण जिंकले, कोणाचे किती नेम लक्ष्यावर गेले, धावण्यात कोण पुढे होते. या नोंदींवरून क्रमवारी लागे आणि ती सर्वांसमोर ठेवली जाई. पुढची कोण, हा प्रश्न त्यामुळे केवळ अंदाजावर सुटत नसे.

तरीही मोठी खेळाडू गेल्याचा धक्का त्यांनाही चुकला नाही, हे मुद्दाम सांगतो. मिया हॅम 103 गोल करून 1993 च्या मोसमानंतर गेली. तिची सहकारी क्रिस्टिन लिली तिच्या एक वर्ष आधीच बाहेर पडली होती. 1994 मध्ये नोटर डेमविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीने या संघाची सलग 92 विजयांची मालिका तुटली आणि पुढे ड्यूकने त्यांना हरवलेही. पण त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात त्यांनी त्याच नोटर डेमला 5-0 असे हरवले आणि त्या वर्षीची हर्मन ट्रॉफी त्यांच्या मधल्या फळीतील टिशा व्हेंचुरिनी हिला मिळाली. मध्येच लागलेल्या ठेचांमुळे त्यांनी आपली खेळण्याची पद्धत टाकून दिली नाही. आपल्याकडे एक पराभव झाला की संघाची सगळी रचनाच बदलण्याची घाई होते. ती टाळायला हवी.

आपल्याला काय घेता येईल? वसंत ऋतूतील सामने आपल्याकडे नाहीत आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दोन-चार सामन्यांत आटोपते, ही खरी अडचण आहे. पण कोल्हापुरात तालीम मंडळांचे फुटबॉल आहे, शाहू स्टेडियमवर त्याला गर्दी होते आणि आपली कितीतरी मुले तिथे खेळत असतील. आपला दुसऱ्या वर्षाचा आघाडीपटू त्याच्या मंडळाकडून कोणत्या जागी खेळतो, हे जाऊन पाहा. तिथे तो बचावात खेळत असेल तर वर्षभर त्याला गोलसमोर उभे राहण्याची सवयच लागत नाही, आणि महाविद्यालयाच्या सामन्यात आपण त्याच्याकडून एकदम गोलांची अपेक्षा करतो. शेवटच्या वर्षाचा स्ट्रायकर असतानाच त्याच्या शेजारी या मुलाला खेळवा, सरावसामन्यात दोघांच्या जागा बदला आणि एका साध्या वहीत प्रत्येक गोल कुठून, कोणाच्या पासवर आणि कोणत्या प्रसंगी झाला हे लिहून ठेवा. वर्षअखेर ती वही वाचल्यावर जाणाऱ्या मुलाबरोबर नेमके काय जाणार आहे ते दिसेल.

आणखी एक गोष्ट. आपले गोल कमी होणार असतील तर आपल्यावर होणारे गोल आधी कमी करा. जॉर्डन मॉरिसने 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या पुरुष संघासाठी अंतिम सामन्यात क्लेमसनविरुद्ध दोन गोल केले, संघ 4-0 असा जिंकला, आणि तो व्यावसायिक फुटबॉल खेळायला सिअॅटलला गेला. पुढच्या वर्षी याच संघाने उपांत्य सामना नॉर्थ कॅरोलायनाशी गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये 10-9 असा जिंकला आणि अंतिम सामना वेक फॉरेस्टशी पुन्हा गोलशून्य बरोबरीनंतर 5-4 असा जिंकला. शेवटच्या दोन सामन्यांत खुल्या खेळात एकही गोल न करता ते राष्ट्रीय विजेते ठरले, कारण त्यांच्यावरही कोणाला गोल करता आला नाही. 2017 मध्ये ते पुन्हा जिंकले. इंडियानाविरुद्धचा अंतिम सामना त्यांनी जादा वेळेत 1-0 असा घेतला. स्ट्रायकर गेल्यावर आपण बहुधा सगळा सराव नेमबाजीवर घालतो. प्रशिक्षक जेरेमी गन यांच्या त्या संघांकडे पाहिले की बचावफळीच्या सरावाला तेवढाच वेळ द्यावा असे मला वाटते.

प्रश्न: आता अमेरिकेत खेळाडू सहज विद्यापीठ बदलू शकतात. मग तयार गोल करणारा दुसरीकडून आणणे सोपे नाही का? नवोदितांना वाढवत बसण्याची गरज काय?
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर: सोपे झाले आहे, हे खरे. 2018 मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदयादी, सुरू झाले आणि 2021 पासून कोणत्याच खेळात पहिल्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसण्याची अट राहिली नाही. त्यानंतर नियम आणखी सैल झाले. पण ही कल्पना पोर्टलपेक्षा जुनी आहे. महिलांच्या विद्यापीठीय फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत सर्वाधिक, 118, गोल करणारी डॅनिएल फोटोपुलोस आधी सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाकडून खेळत होती आणि नंतर फ्लोरिडाला आली. फ्लोरिडाचा महिला संघ तेव्हा नुकताच उभा राहत होता. 1998 च्या अंतिम सामन्यात तिच्याच फ्री किकवर फ्लोरिडाने नॉर्थ कॅरोलायनाला 1-0 असे हरवले.

इथपर्यंत आपले म्हणणे सिद्ध होते. पण त्याच संघात अॅबी वॉम्बॅक नावाची पहिल्या वर्षाची मुलगी खेळत होती. फोटोपुलोस गेल्यावर फ्लोरिडाला बाहेर शोधावे लागले नाही. वॉम्बॅकने चार वर्षांत 96 गोल केले. बाहेरून आणलेल्या खेळाडूने वर्तमान सांभाळले आणि तिच्या शेजारी घरची खेळाडू वाढत राहिली. दोन्ही एकाच वेळी चालू होते, म्हणून ते जमले.

पोर्टलची दुसरी बाजूही लक्षात घ्या. ज्या दाराने खेळाडू येतो त्याच दाराने तो जातोही, आणि व्यावसायिक संघ पदवीची वाट पाहत नाहीत. 2024 च्या आरंभी नॉर्थ कॅरोलायनाच्या अॅली सेंटनर आणि सॅव्ही किंग या दोघी पात्रता शिल्लक असताना महिला व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर गेल्या. किंग तर विद्यापीठात एकच मोसम खेळली होती. ऑगस्टमध्ये डोरन्स स्वतः निवृत्त झाले. तरीही डेमन नाहास यांच्या हाताखाली त्या डिसेंबरात संघाने वेक फॉरेस्टला 1-0 असे हरवून विजेतेपद मिळवले. मोसमात 20 गोल करणारी केट फासे आधीपासून त्याच संघात होती आणि अंतिम सामन्यातील गोल ऑलिव्हिया थॉमसच्या कॉर्नर किकवर आला.

त्यामुळे आपण प्रशिक्षक असाल तर पोर्टलमधून खेळाडू जरूर घ्या, पण त्याआधी आपल्या बाकावर बसलेल्यांना गेल्या मोसमात मिळून किती मिनिटे खेळायला मिळाले ते पाहा. ती मिनिटे फारच कमी असतील, तर पोर्टलमधून आणलेला स्ट्रायकर वर्षभराने निघून गेल्यावर आपल्याला पुन्हा पोर्टलच उघडावे लागेल.